कोरफड लावली आणि चेहरा लाल झाला: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. उन्हाळा लागला की काउंटरवर मोबाइल पुढे येतो. त्यात गालावरचे लाल चट्टे, सुजलेल्या पापण्या, मानेवरचं पुरळ असे फोटो असतात आणि सोबतचं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, केमिकल काहीच लावलं नाही हो, घरचीच कोरफड लावली होती." गर्दीच्या वेळी एकेकीला नीट समजावून सांगता येत नाही, ही रुखरुख मला दिवसभर राहते. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. तपासणी करून निदान करणं हे त्वचारोगतज्ज्ञांचं काम आहे. त्यांच्याकडे कधी जायचं, तेही खाली सांगितलं आहे.

कोरफड तर थंड असते. तिच्यानं पुरळ कसं उठेल?

कोरफडीचं एक पान आडवं कापून बघा. बाहेर जाड हिरवी साल असते, मध्ये काचेसारखा पारदर्शक गर असतो आणि या दोन्हींच्या मध्ये, सालीला आतून चिकटून, पिवळा चीक असतो. कापल्यावर कडेनं पाझरतो तो हा चीक. बोट लावून जिभेला टेकवला तर कडूजहर लागतो. गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असतं आणि तो बहुतेकांना सोसतो. चिकात मात्र अ‍ॅलोइन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं असतात आणि ती कातडीला झोंबतात.

हाच चीक आटवून, वाळवून जो काळा खडा होतो तो म्हणजे आपल्याकडचा काळा बोळ. जुन्या घरांत बाळंतविड्याच्या डब्यात तो असायचा. पोटात गेला की जोरदार जुलाब होतात. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, २००२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून कोरफडीचा चीक काढायला लावला. म्हणजे एकाच पानात एक थंड वस्तू आहे आणि तिला खेटून एक तिखट वस्तू आहे. घाईत कापलेल्या पानातून दोन्ही एकत्र चेहऱ्यावर जातात.

मला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी चूक माझ्याच हातून झाली. एका मे महिन्यात भर दुपारी सज्जनगड उतरून आलो, मान उन्हानं भाजली होती. घरी आल्या आल्या कुंडीतलं पान तोडलं, सुरीनं उभं चिरलं आणि तसंच मानेवर फिरवलं. पंधरा मिनिटांत चुणचुण सुरू झाली. मला वाटलं, उन्हाची आग आहे, उतरेल. सकाळी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग होते आणि मानेवर पान जसं फिरवलं होतं तशा दोन लाल पट्ट्या होत्या. जिथे पान लागलं नव्हतं तिथली भाजलेली कातडी पट्ट्यांपेक्षा शांत होती. कातडी आधीच दुखावलेली असली की चीक नेहमीपेक्षा जास्त झोंबतो. ऊन लागलेली कातडी, नुकतंच वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलेली जागा, दाढीनंतरचे गाल, सगळ्यांना हे लागू आहे.

मग घरची कोरफड लावायची तरी कशी?

पान बुंध्यापाशी तोडा, पेल्यात कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. तळाशी पिवळं पाणी साठलेलं दिसेल, ते टाकून द्या. मग काटेरी कडा काढा, साल जरा जाडच सोला, कारण चीक सालीलगतच असतो. उरलेला गर वाहत्या पाण्याखाली धुवा. गर बुळबुळीत आणि रंगहीन दिसला की झालं. सोलायला वेळ नसेल त्या दिवशी लावू नका.

काढलेला गर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नाही. पाणीदार गर म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. तो वास न येताही नासलेला असू शकतो. उघड्या जखमेवर, टाक्यांवर, मोठ्या भाजण्यावर घरचा गर मुळीच घालू नका.

आणि झाड कोरफडीचंच आहे ना, हेही बघा. बांधावर, रस्त्याकडेला उगवणारं घायपात लांबून तसंच दिसतं. त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते कातडीत टोचून भयंकर खाज आणतात. घायपाताचं पान धाग्यांनी भरलेलं, चिवट असतं. कोरफडीचं पान सुरीखाली काकडीसारखं सहज कापलं जातं.

मला अ‍ॅलर्जी झाली की नुसतं झोंबलं, हे कसं ओळखू?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

नुसतं झोंबणं कोणालाही होऊ शकतं. लिंबाचा रस कोणाच्याही डोळ्यात गेला तर झोंबणारच, तसं. ते लावल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत होतं, आग आणि चुरचुर जास्त असते, खाज कमी. जिथे लावलं तेवढीच जागा लाल होते आणि धुऊन टाकलं की एक-दोन दिवसांत उतरायला लागतं. तीच वस्तू पातळ करून किंवा कमी वेळ लावली तर चालूनही जाते.

अ‍ॅलर्जी ही तुमच्या शरीरानं त्या एका द्रव्याशी धरलेली ओळख असते. ती उशिरा उठते. आज रात्री लावलं तर उद्या रात्री किंवा परवा सकाळी पुरळ येतं. त्यामुळे संशय भलत्याच गोष्टीवर जातो. "काल बाहेर भेळ खाल्ली म्हणून असेल" असं सांगणाऱ्या कितीतरी जणींनी त्याच्या आदल्या दिवशी नवीन क्रीम लावलेलं असतं. अ‍ॅलर्जीत खाज प्रमुख असते, बारीक पाण्याचे फोड येऊ शकतात, आणि पुरळ लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरतं. हाताला लावलेल्या वस्तूनं पापण्या सुजतात, कारण हात डोळ्यांना लागतात आणि पापणीची कातडी अंगात सगळ्यांत पातळ असते. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढच्या वेळी थोडंसं लागलं तरी पुरे होतं.

तिसरा प्रकार म्हणजे लावल्यावर मिनिटांत गांध्या उठणं, ज्याला आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो. या गांध्या काही तासांत विरतात. पण त्यांच्याबरोबर ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

पाच वर्षं हेच जेल वापरतेय. मग आत्ताच कसं?

अ‍ॅलर्जी जडायला आधी संपर्क यावा लागतो. पहिल्या भेटीत शरीर ते द्रव्य फक्त नोंदवून ठेवतं. तयारी व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, कधी वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ती होते. म्हणून "आजवर कधी काही झालं नाही" हा पुरावा धरता येत नाही.

दुसरं कारणही तपासा. डबी तीच असली तरी कंपनी आतले घटक बदलते. जुनं रिकामं खोकं घरात सापडलं तर नव्याशेजारी ठेवून घटकांच्या याद्या ओळीनं लावून बघा. मी ग्राहकांबरोबर हे काउंटरवर करते आणि बदललेलं नाव कित्येकदा तिथेच सापडतं.

विकतच्या जेलवर "शुद्ध कोरफड" लिहिलेलं असतं. ते तरी सुरक्षित ना?

पहिली गोष्ट रंगाची. कोरफडीचा गर हिरवा नसतो. ट्यूबमधलं जेल पोपटी दिसत असेल तर त्यात रंग घातलेला आहे. वास येत असेल तर सुगंधी द्रव्य आहे, कारण गराला सांगण्यासारखा वास नसतो. सुगंधी द्रव्यं ही सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जीचं एक मोठं कारण आहे, आणि यादीत ती पुष्कळदा "परफ्युम" किंवा "फ्रॅग्रन्स" या एका शब्दामागे असतात.

मग येतात टिकवणारी द्रव्यं, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१३ मध्ये त्याला "वर्षाचा अ‍ॅलर्जन" ठरवलं, आणि युरोपात लावून तशाच ठेवायच्या क्रीम-जेलमध्ये त्याच्यावर बंदी आली. त्याच संस्थेनं २०१९ मध्ये पॅराबेन या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हना "वर्षाचा बिन-अ‍ॅलर्जन" म्हटलं, कारण त्यांच्यामुळे अ‍ॅलर्जी क्वचितच होते. हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे पॅराबेन नाही म्हणून अभिमानानं जाहिरात होते आणि त्याच्या जागी काय घातलं हे कोणी विचारत नाही. प्रिझर्व्हेटिव्हच नसलेलं पाणीदार जेल मी स्वतः घेणार नाही. उघडून महिनाभर बाथरूममध्ये ठेवलेल्या अशा डबीत काय वाढतं, याची कल्पना करवत नाही.

यादी बारीक अक्षरात असली तरी वाचायची एक सोपी रीत आहे. सर्वांत जास्त असलेला घटक पहिला येतो. "अ‍ॅक्वा" म्हणजे साधं पाणी पहिलं असेल आणि कोरफडीचं नाव बरंच खाली, तर तुम्ही मुख्यतः घट्ट केलेलं पाणी विकत घेताय. "नैसर्गिक", "हर्बल", "केमिकलमुक्त" हे शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतात. माझा सल्ला असा की डबी हातात आली की आधी उलटी करा.

लिंबू, बेसन, सोडा, लसूण हे तर स्वयंपाकघरातलेच. त्यांनी काय होणार?

लिंबानं सगळ्यांत जास्त नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. आपल्या कातडीचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास असतो. लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात. पण खरा धोका उन्हाचा. लिंबाच्या रसात, त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखी जखम होते. लगेच काही कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, फोड येतात आणि मग काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो. एकदा एक मुलगी हातावर ओघळाच्या आकाराचा डाग घेऊन आली होती. मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक काळी रेघ, शेवटी थेंबासारखी जाड. तिनं गच्चीवर बसून लोणच्याची लिंबं चिरली होती. कोणी तिला मारलं असावं, अशी शंका शेजारणींनी घेतली होती.

खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, पीएच आठच्या वर. चेहऱ्यावर रोज घासला की कातडीचं वरचं कवच उघडं पडतं आणि मग साधं पाणीही झोंबतं. लसूण ठेचून मुरमावर किंवा गजकर्णावर बांधला तर अक्षरशः भाजतं, पाण्यानं भरलेला मोठा फोड येतो. हा उपाय कृपा करून कोणालाच सुचवू नका. बेसन, मसूरडाळ, संत्र्याच्या सालीची पूड ही मुळात वाईट नाहीत, फक्त भरड असतात. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस लावायचं असतं. तेच रोज चेहऱ्यावर रगडलं तर कातडी सोलते. त्यातल्या गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा यांच्या सुगंधी पुडींची एखादीला अ‍ॅलर्जीही असू शकते.

हळद-कुंकवानं कधी काही होतं का?

होतं. हळदीतल्या कर्क्युमिनची संपर्क-अ‍ॅलर्जी क्वचित पण खरी आहे. हळदी समारंभानंतर दोन दिवसांनी नवरीच्या गळ्या-गालांवर पुरळ उठतं, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा मेकअपवर जातो.

कुंकवाचं प्रकरण वेगळं आहे. जुन्या रीतीनं कुंकू हळदीपासून करायचे. आज स्वस्तातलं बरंचसं कुंकू आणि गंध रासायनिक रंगांचं असतं. त्यातल्या काही रंगांची अ‍ॅलर्जी लाल पुरळ न उठवता थेट काळसर-राखाडी डाग पाडते. कपाळावर टिळ्याच्या जागी, भांगात, हळूहळू गडद होत जाणारा तो डाग खाजतही नाही. त्यामुळे बायका तो झाकायला कुंकू आणखी मोठं लावतात आणि डाग वाढत जातो.

टिकलीनं नेमकं उलट होतं. मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असू शकतं, आणि ते रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. टिकलीच्या आकाराचा गोल पांढरा डाग पडतो. कोड आलं म्हणून घर हादरतं. असा डाग दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद करा आणि लवकर डॉक्टरांना दाखवा. उपचार वेळेत सुरू केले तर रंग परत येण्याची शक्यता जास्त असते.

गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. हर्बल क्रीम चालेल?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि विचारायला हवा सगळ्या शेतकऱ्यांनी. गाजर गवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतं, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. हवेतून उडणाऱ्या कणांमुळे चेहरा, पापण्या, मान, कोपराची घडी खाजून जाड होते. भारतात वनस्पतींमुळे होणाऱ्या त्वचादाहात याचा नंबर वरचा आहे.

हे गवत शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातलं आहे. कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निका हीसुद्धा त्याच कुळातली, आणि "संवेदनशील त्वचेसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या हर्बल क्रीममध्ये नेमकी हीच असतात. या कुळातल्या वनस्पतींमधली काही द्रव्यं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकीची अ‍ॅलर्जी असलेलं शरीर दुसरीलाही ओळखतं. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी काकांना गाजर गवतानं मानेला खाज होती. पुण्याहून मुलीनं प्रेमानं महागडं कॅलेंड्युला मलम पाठवलं. त्यांनी ते तीन आठवडे लावलं आणि मान तीन आठवडे चिघळत राहिली. मलम बंद केल्यावर फरक पडला.

बिब्ब्याचा चटका द्यावा का?

नाही. टाचेत काटा मोडला, कुरूप झालं की बिब्बा तापवून चटका देणारे लोक अजून आहेत. बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. फोड, सूज, पाणी गळणं, आणि सगळ्या अंगावर पसरणारी खाज. परीट पूर्वी कपड्यांवर न निघणारी खूण करायला याचाच रस वापरायचे, आणि ती खूण मानेला जिथे लागेल तिथे पुरळ उठायचं.

बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कोकणात काजूच्या टरफलातल्या तेलानं हात भाजतात, आणि आंब्याच्या देठाशी येणाऱ्या चिकानं ओठांभोवती फोड येतात, ते याच कारणानं. ज्यांना बिब्बा उततो त्यांनी आंबा दुसऱ्याकडून सोलून, धुऊन घ्यावा. गर बहुतेकांना चालतो, त्रास सालीचा आणि चिकाचा असतो.

काळी मेंदी नैसर्गिक असते का?

मेंदीचं पान नारिंगी-तपकिरी रंग देतं, काळा नाही. तासाभरात काळाकुट्ट रंग चढत असेल तर त्यात बहुधा पीपीडी आहे, म्हणजे केसांच्या डायमधलंच द्रव्य. "हर्बल" लिहिलेल्या केसांच्या काळ्या पुडीतही ते असतं. याची अ‍ॅलर्जी जोरदार असते, टाळूला लावल्यावर डोळे मिटण्याइतका चेहरा सुजलेले लोक मी पाहिलेत. एका लग्नातल्या काळ्या मेंदीनं जडलेली अ‍ॅलर्जी वीस वर्षांनी पहिल्या डायच्या वेळी समोर येऊ शकते.

टी ट्री ऑइल थेट लावलं तर?

थेट नको. कोणतंही एसेन्शियल तेल म्हणजे झाडाचा अर्क कितीतरी पटींनी दाट केलेला असतो. शिवाय बाटली जुनी झाली, हवा आणि उजेड लागला की टी ट्री तेलाचं ऑक्सिडेशन होतं आणि ते ताज्यापेक्षा जास्त अ‍ॅलर्जी करतं. वर्ष-दोन वर्षांची उघडलेली बाटली टाकून द्या.

पार्लरमध्ये म्हणाले, "घाण बाहेर पडतेय, लावत राहा." खरं आहे?

कोरफड, हळद, मुलतानी माती यांनी कातडीतून कुठलीही घाण बाहेर पडत नाही. सुरुवातीला मुरुमं वाढणं हे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीची मुरमांची औषधं) आणि काही अ‍ॅसिडच्या औषधांबाबत घडतं, आणि तिथेही ते नेहमीच्या मुरमांच्या जागी येतं. खाज, आग, सूज, सालपटं, पापण्या जड होणं ही कातडीची स्पष्ट तक्रार आहे. लावणं त्याच क्षणी थांबवा. या एका वाक्यामुळे दोन दिवसांत बरं झालं असतं ते पुरळ महिनाभर चिघळलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की ते ऐकलं की मला राग आवरत नाही.

पुरळ उठलं. आज रात्री काय करू?

आधी सगळं बंद. नवीन जेल तर बंदच, पण जुनं क्रीम, फेसवॉश, स्क्रब, मेकअप, गुलाबपाणीसुद्धा. चेहरा साध्या थंड पाण्यानं धुवा, घासू नका. स्वच्छ मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं फडकं थंड पाण्यात पिळून दहा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका. नंतर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली पातळ लावा. खाज फार असेल तर कॅलामाइन चालतं. गांध्या असतील तर सेट्रिझिनसारखी गोळी उपयोगी पडते, पण झोप येते, गाडी चालवायची असेल तर घेऊ नका. गरोदर असाल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी विचारा.

आणि ती डबी फेकू नका. रागानं कचऱ्यात टाकलेली डबी मी लोकांना परत आणायला लावते. खोकं, डबी, उरलेलं पान, सगळं पिशवीत ठेवा. फोटो काढा आणि कधी लावलं, कधी उठलं ते वहीत लिहा.

मेडिकलमधून एखादी खाजेची ट्यूब घेऊ?

इथे मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय. ज्या ट्यूबनं "एका रात्रीत गेलं" म्हणतात, तिच्यात बहुधा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं, वर बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. तरी ती दिली जातात, मागितलीही जातात. चेहऱ्यावर काही आठवडे लावली की कातडी पातळ होते, लालभडक राहते, मुरुमं आणि केस येतात, आणि ट्यूब थांबवली की पुरळ दुप्पट जोरानं परत येतं. मुळात गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं आणि ओळखूही येत नाही. डॉक्टरांनी दिलं तर स्टिरॉइड उत्तम औषध आहे, किती दिवस आणि कुठे हे त्यांनी ठरवायचं. मी नाही म्हणते तेव्हा काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत, मी देणार नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

डोळ्यांभोवती सूज, पाण्याचे फोड, पू, ताप, किंवा पुरळ पसरत चाललं असेल तर लगेच. आठवड्यात उतरलं नाही तर. आणि बाळाच्या अंगावर काहीही उठलं तर वाट न पाहता.

घरी चाचणी करता येते?

नवीन वस्तू वापरण्याआधी करता येते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा, सलग सात ते दहा दिवस. एकदा लावून दुसऱ्या दिवशी बघणं पुरेसं नाही, कारण अ‍ॅलर्जी उशिरा उठते हे वर आलंच आहे. मधे काही झालं तर तिथेच थांबा. पुरळ अंगावर असताना ही चाचणी करू नका.

खरी पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञ करतात. योझेफ याडासोन या डॉक्टरांनी १८९५ मध्ये ती पद्धत मांडली आणि मूळ रीत आजही तीच आहे. पाठीवर छोट्या कप्प्यांतून वेगवेगळी द्रव्यं चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको. म्हणून भर उन्हाळ्यात सहसा टाळतात. भारतासाठीच्या द्रव्यांच्या संचात गाजर गवतही असतं. तुमची पिशवीत ठेवलेली डबी इथे उपयोगी पडते. रक्ताच्या अ‍ॅलर्जी चाचणीचा या प्रकारच्या पुरळासाठी फारसा उपयोग नाही, हजारो रुपये खर्च करण्याआधी विचारा.

पुरळ गेलं, पण काळा डाग राहिला.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला दाह झाला की मागे डाग राहतोच. तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत हळूहळू फिका होतो. रोज सनस्क्रीन लावा, छत्री-ओढणी घ्या, खाजवू नका. लिंबू, बटाट्याचा रस, "गोरं करणारी" क्रीम, यांनी नवा दाह होतो आणि नवा डाग पडतो.

बाळाला कोरफड लावू का?

नको. बाळाची कातडी पातळ असते आणि हात सतत तोंडात जातो, चीक पोटात गेला तर जुलाब होतात. डाळीच्या पिठानं रगडून लव काढण्याचा हट्टही सोडा. कोमट पाणी, हलक्या हातानं साधं खोबरेल तेल, एवढं पुरे.

कुंडीतली कोरफड आता काढून टाकू?

कशाला? माझी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तीच मानेवर फिरवलेली. तिला पिल्लं फुटली, दोन कुंड्या शेजारी दिल्या. देताना पेल्यात पान उभं करून पिवळं पाणी कसं गळतं, ते दोघींना त्यांच्याच ओट्यावर करून दाखवलं.